‘नवे’ लक्षण, जुना वारसा : ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या आद्य टिपणाचे तुलनात्मक परीक्षण

१. टिपण आणि त्याचे शीर्षक

‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकाच्या मे १९५२ मधील एका अंकात दोन पानांत मावणारे एक टिपण प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकांत वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया हे तिघे मुंबईचे होते. रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे चौघे लंडनचे. ‘एबीओ’ गटव्यवस्थेशी संबंधित असे एक ‘नवे’ रक्तगट-लक्षण आढळले आहे, एवढेच त्याचे शीर्षक सांगत होते. मराठी माणसांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या जीवशास्त्रीय निरीक्षणांपैकी ज्यांची नोंद जगातील प्रत्येक पाठ्यपुस्तकाला घ्यावी लागली, अशी निरीक्षणे थोडी आहेत. त्यांत या टिपणाचे स्थान वरचे आहे.

या शीर्षकातील एक बारकावा सहसा दुर्लक्षिला जातो. ‘नवे’ हा शब्द लेखकांनी अवतरणचिन्हांत घातला आहे. रक्तपरीक्षेच्या इतिहासात प्रत्येक शोधकाने आपल्या लक्षणास मोठ्या उत्साहाने नवे म्हणावे, असा तो काळ होता. त्या काळात ही चिन्हे लेखकांचा संयम दाखवितात. लक्षण आपल्याला नव्याने दिसले, म्हणून ते सृष्टीतही नवेच असेल असे नाही, हा विवेक त्यांत गर्भित आहे. पुढील सत्तर वर्षांत हे टिपण ज्या रीतीने वाचले गेले, त्यात मात्र या विवेकाचा बव्हंशी लोप झाला. अभाव, दुर्मिळता आणि दोष या तीन कल्पना त्या लक्षणास चिकटल्या. इतर सस्तन प्राण्यांच्या जनुकांशी ताडून पाहिल्यास या तीन कल्पनांपैकी कोणती टिकते आणि कोणती टिकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार केवळ जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरता नाही. दक्षिण महाराष्ट्रातील रक्तपेढीत काम करणारा तंत्रज्ञ आणि ज्या घरात हा गट आढळला ते घर, या दोघांनाही शब्दांच्या निवडीची किंमत मोजावी लागते.

२. निरीक्षणाचा आशय

टिपणातील निरीक्षण थोडक्यात असे. तीन व्यक्तींच्या तांबड्या पेशी ‘ए’विरोधी आणि ‘बी’विरोधी रक्तरसात मिसळल्या असता त्यांचे पुंजके झाले नाहीत. तेवढ्यावरून त्यांचा गट ‘ओ’ ठरला असता. परंतु ‘ओ’ गटाच्या पेशींवर विपुल असलेला ‘एच’ हा प्रतिजनही या पेशींवर नव्हता. उलट त्यांच्या रक्तरसात ‘ए’, ‘बी’ आणि ‘एच’ या तिन्हींच्या विरुद्ध प्रतिद्रव्ये होती. तेव्हा ज्यास सर्वदाता मानले जाई, त्या ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालण्यासारखे नव्हते. त्यांना रक्त द्यावयाचे, तर त्याच लक्षणाच्या माणसाचेच द्यावयास हवे.

‘एच’ म्हणजे काय, हे आता रासायनिक भाषेत नेमके सांगता येते. पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला एका विशिष्ट जोडणीने फ्युकोज ही शर्करा लागली म्हणजे ‘एच’ तयार होतो. त्यावर आणखी एक शर्करा चढली तर ‘ए’, दुसरी चढली तर ‘बी’. काहीच न चढल्यास ‘एच’ तसाच राहतो आणि त्या माणसास ‘ओ’ गटाचा म्हणतात. म्हणजे ‘एच’ हे जोते आहे आणि ‘ए’-‘बी’ हे त्यावरील बांधकाम आहे. जोतेच नसेल, तर बांधकामाचे जनुक धडधाकट असूनही काही उभे राहत नाही. यामुळेच दिसावयास ‘ओ’ वाटणाऱ्या मातेच्या पोटी ‘ए’ वा ‘बी’ गटाचे मूल जन्मास येऊ शकते. अमेरिकेतील फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी १९५५ साली अशाच एका कुटुंबाचा अभ्यास करून एक जनुक दुसऱ्या जनुकाचा प्रभाव झाकून टाकते हे दाखविले, आणि या लक्षणास ‘बॉम्बे’ हे नाव दिले. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ साली बदलले. रक्तगटाचे तेच राहिले.

फ्युकोज जोडणारी विकरे दोन जनुकांवरून तयार होतात. ‘एफयूटी-१’ हे जनुक मुख्यतः तांबड्या पेशींसाठी आणि ‘एफयूटी-२’ हे लाळ व आतड्याचे अस्तर यांसाठी काम करते. दोन्ही माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. भारतीय ‘बॉम्बे’ व्यक्तींमध्ये पहिल्या जनुकात ७२५ व्या स्थानी एका अक्षराचा बदल झालेला आहे आणि दुसरे जनुक समूळ गळालेले आहे, हे १९९७ च्या सुमारास सिद्ध झाले. १९५२ च्या टिपणातील कोडे अशा रीतीने पंचेचाळीस वर्षांनी अणुरेणूंच्या पातळीवर उलगडले.

३. ‘अभाव’ या शब्दाची परीक्षा

‘बॉम्बे’ व्यक्तीच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नाही. म्हणून तिच्यात काहीतरी उणे आहे, असे साहजिकच म्हटले जाते. या विधानात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, तांबड्या पेशीवर ‘एच’ असणे हाच सस्तन प्राण्यांचा मूळ आणि स्वाभाविक नियम होय. तुलनेने हे गृहीतक खोटे ठरते.

सस्तन प्राण्यांत ‘ए’, ‘बी’, ‘एच’ या शर्करा लाळेत, आतड्याच्या अस्तरावर आणि इतर ऊतींवर सर्रास आढळतात. मात्र बहुतेक प्राण्यांच्या तांबड्या पेशी त्या स्वतः तयार करीत नाहीत. मॅकाक माकड व बबून यांचा गट त्यांच्या लाळेवरून ठरवावा लागतो. त्यांच्या रक्तपेशी त्या कामी उपयोगी पडत नाहीत. चिंपांझी, ओरांगउटान, गिबन आणि मनुष्य या कपिवर्गात मात्र या शर्करा तांबड्या पेशीवर स्पष्टपणे आल्या. गोरिलात त्या पेशीवर क्षीणच दिसतात. फ्रान्समधील संशोधकांनी २००० साली प्रायमेट प्राण्यांतील या जनुकांची तुलना केली. ‘एफयूटी-१’ च्या आत ‘अलू’ नामक जनुकीय तुकडा शिरल्याची खूण आणि तांबड्या पेशीवर ‘एच’ दिसणे, या दोहोंची सांगड त्यांना आढळली. याचा अर्थ असा की, तांबड्या पेशीवरील रक्तगट ही सस्तन वंशाची जुनी मालमत्ता नसून एका शाखेत उशिरा पडलेली भर आहे.

या दृष्टीने पाहता आश्चर्याचा विषयच बदलतो. मुंबईच्या तीन व्यक्तींच्या पेशींवर ‘एच’ का नव्हता, याइतकाच उरलेल्या मनुष्यजातीच्या पेशींवर तो का आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या दुसऱ्या प्रश्नास आजही सर्वमान्य उत्तर नाही. ज्या लक्षणाचे कार्य निश्चित सांगता येत नाही, त्याच्या नसण्यास न्यूनता म्हणण्याची घाई करणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय नाही.

येथे उलट बाजूच्या एका अतिरेकापासूनही सावध राहिले पाहिजे. माकडाच्या पेशीवर ‘एच’ नाही आणि ‘बॉम्बे’ व्यक्तीच्या पेशीवरही तो नाही, म्हणून ही व्यक्ती पूर्वजांच्या अवस्थेकडे परतली, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो सर्वस्वी चुकीचा ठरेल. माकडाची दोन्ही जनुके शाबूत असतात आणि त्याच्या ऊतींत व स्रावांत ‘एच’ असतो. भारतीय ‘बॉम्बे’ व्यक्तीत तो पेशीवरही नसतो आणि लाळेतही नसतो. शिवाय त्याचे कारण माणसात अलीकडे घडलेला जनुकीय बदल हे आहे. फलित सारखे दिसले तरी मार्ग वेगळे आहेत. तुलनात्मक पद्धतीचे पहिले पथ्य म्हणजे साम्य आणि वारसा यांत गल्लत न करणे. ते पाळले नाही तर ही पद्धत माणसांची उच्चनीच प्रतवारी लावण्याचे साधन होऊन बसते, आणि या देशात अशा साधनांची वाण कधीच पडलेली नाही.

‘अभाव म्हणजे व्याधी’ या समजुतीची कसोटी आणखी एका उदाहरणाने लागते. १९९२ साली एका विरळ आनुवंशिक रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात शरीराची फ्युकोज वापरण्याची व्यवस्थाच बिघडलेली असते. अशा बालकांचा रक्तगट ‘बॉम्बे’सारखा येतो, परंतु त्याबरोबर त्यांच्या श्वेतपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटू शकत नाहीत आणि त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होतो. ‘बॉम्बे’ व्यक्तीत फक्त एका जोडणीतील फ्युकोज नसते. श्वेतपेशींना लागणारी फ्युकोजची दुसरी जोडणी अबाधित असते, आणि ती व्यक्ती निरोगी असते. ज्या उंदरांतील ‘एफयूटी-१’ किंवा ‘एफयूटी-२’ यांपैकी एक जनुक प्रयोगशाळेत मुद्दाम नष्ट केले, तेही धडधाकट वाढले आणि त्यांना पिले झाली, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे एकाच रक्तपरीक्षेच्या उत्तराआड एकीकडे गंभीर रोग आणि दुसरीकडे पूर्ण आरोग्य असू शकते. परीक्षानळीतील अभाव आणि देहाची उणीव यांमधील अंतर यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण.

४. प्रतिकाराची जनुके कोणती?

रक्तगटाच्या शर्करांची जनुके रोगप्रतिकाराच्या जनुकांत मोडतात का, असा आक्षेप येथे घेता येईल. प्रतिकाराची जनुके म्हटली की स्वकीय-परकीय ऊतींची ओळख ठरविणारा जनुकसमूह डोळ्यांपुढे येतो. उंदरात त्यास ‘एच-२’ म्हणतात; पीटर गोरर याने त्याचा माग १९३६ साली काढला. माणसात तोच ‘एचएलए’ होय. स्नेल, दोसे व बेनासेराफ यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल १९८० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या समूहापुढे एक-दोन शर्करा जोडणारी विकरे किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे.

हा आक्षेप मराठीतील ‘प्रतिकारशक्ती’ या रूढ शब्दाने अधिकच बळावतो. शक्ती म्हटली की ती कमीजास्त असावयाची, एकाकडे अधिक आणि दुसऱ्याकडे उणी असावयाची. शस्त्रे धारण करणारी जनुके तेवढी प्रतिकाराची, असा अर्थ त्यातून आपोआप निघतो. परंतु शत्रू ज्या दाराने शिरतो, त्या दाराची घडण बदलणे हाही प्रतिकारच आहे, आणि सस्तन प्राण्यांच्या तुलनेत या प्रकाराची उदाहरणे विपुल आहेत.

डुकराचे उदाहरण प्रथम घ्यावे. दूध तुटलेल्या पिलांना कोलाय जंतूच्या एका जातीमुळे अंगावर सूज येणे, हगवण लागणे असे विकार होतात. हा जंतू आतड्याच्या अस्तरावरील फ्युकोजयुक्त शर्करेस धरून चिकटतो. ज्या पिलांच्या ‘एफयूटी-१’ जनुकात ३०७ व्या स्थानी विशिष्ट बदल दोन्हीकडून आलेला असतो, त्यांच्या आतड्यात त्यास धरावयास जागा मिळत नाही. ती पिले या विकारापासून वाचतात. १९९७ पासून ज्ञात असलेल्या या गोष्टीचा उपयोग वराहपालक जातिनिवडीसाठी करतात. माणसात जे जनुक मोडल्याने रक्तगट दुर्मिळ झाला, त्याच जनुकातील बदल डुकरात इष्ट गुण म्हणून निवडला जातो!

सशांमधील रक्तस्रावी ज्वराचा विषाणू १९८४ साली चीनमध्ये प्रथम दिसला. तोही याच शर्करांना धरतो. त्याचे वेगवेगळे वाण वेगवेगळ्या शर्करा पसंत करतात. साथीतून वाचलेल्या वन्य सशांत शर्करांच्या प्रकारांचे प्रमाण पालटलेले आढळले. माणसातील नोरोविषाणू हा उलट्या-जुलाबांचा विषाणू याच कुळाचा आहे. ज्यांचे ‘एफयूटी-२’ जनुक निकामी आहे, त्यांना त्याच्या मूळ वाणाची बाधा होत नाही, हे २००३ साली स्वयंसेवकांवरील प्रयोगात दिसून आले. अर्थात काही वाणांना हा अडसर चालत नाही.

अशा पुराव्याने जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या १९४९ च्या प्रतिपादनाची आठवण होते. संसर्गजन्य रोग ही उत्क्रांतीतील एक प्रधान निवडशक्ती असून प्राण्यांतील जैवरासायनिक विविधता तिचे फलित असू शकते, असे त्यांनी सुचविले होते. पुढे भारतीय नागरिकत्व पत्करलेल्या या शास्त्रज्ञाचे म्हणणे ‘एबीओ’ जनुकाच्या तुलनेने पुष्कळ उचलून धरले आहे. मनुष्य व गिबन यांच्यातील ‘ए’-‘बी’ हा भेद दोघांच्या समान पूर्वजापासून, म्हणजे किमान दोन कोटी वर्षांपासून, टिकून आहे असे २०१२ साली मांडले गेले. तत्पूर्वी, हे भेद प्रत्येक जातीत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उत्पन्न झाले असावेत असे मत प्रचलित होते. ‘ओ’ प्रकारांपुरते ते आजही ग्राह्य वाटते. कोणतीही एक शर्करा सर्वश्रेष्ठ असती, तर बाकीच्या केव्हाच लोपल्या असत्या. ‘ओ’ गटाच्या माणसास तीव्र हिवतापाचा धोका कमी आणि तीव्र पटकीचा अधिक, हे माणसातील उदाहरण बोलके आहे. एका रोगापुढील कवच दुसऱ्या रोगापुढे भगदाड ठरते. म्हणून ‘शक्ती’ हा एकेरी मापाचा शब्द येथे तोकडा पडतो. ‘प्रतिकारक्षमता’ हा शब्दही निर्दोष नाही, पण कशाविरुद्ध क्षमता, असा प्रश्न तो निदान विचारू देतो.

५. उपयुक्ततावादाची मर्यादा

वरील उदाहरणांनी मोहून जाऊन, ‘बॉम्बे’ लक्षणही कोणत्यातरी साथीपासून संरक्षण देत असल्यामुळेच भारतात टिकले असले पाहिजे, असे विधान करण्याचा मोह अनेकांना होतो. पश्चिम भारताने पटकी, देवी आणि १८९६ नंतरचा प्लेग यांच्या साथी भोगल्या असल्यामुळे या विधानास कथानकही आयते मिळते. परंतु कथानक जुळणे म्हणजे पुरावा मिळणे नव्हे. ‘बॉम्बे’ व्यक्ती अमुक रोगातून अधिक प्रमाणात वाचते, असे सिद्ध झालेले नाही. डुकराच्या आतड्यातील न्याय माणसाच्या समाजास लावण्यापूर्वी माणसातील पुरावा हवा.

शिवाय या लक्षणाचे भारतातील स्थान समजून घेण्यास अधिक साधे स्पष्टीकरण हाताशी आहे. भारतीय ‘बॉम्बे’ व्यक्तींमध्ये ‘एफयूटी-१’ मधील तोच बदल आणि ‘एफयूटी-२’ ची तीच गळती ही जोडी एकत्र आढळते. दोन स्वतंत्र अपघातांची हीच जोडी पुन्हा पुन्हा नव्याने जुळणे जवळजवळ असंभाव्य आहे. ती एकाच पूर्वजाकडून आली असली पाहिजे. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर भारतीय मजुरांच्या वंशजांत हीच जोडी सापडली. तेथील गोऱ्या वस्तीतील ‘एच’-न्यूनतेचे कारण असलेला जनुकीय बदल मात्र निराळा निघाला. माणसांच्या स्थलांतराबरोबर जनुक गेले, एवढेच त्यावरून दिसते. त्यात निवडशक्तीची साक्ष नाही.

लक्षण प्रकट होण्यास दोन्ही पालकांकडून तेच जनुक यावे लागते. येथे विवाहपद्धतीचा संबंध येतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांच्या ग्रंथात महाराष्ट्रास उत्तर व दक्षिण यांमधील सांध्याचा प्रदेश मानले आहे. मामाच्या मुलीशी विवाह येथील अनेक जातींत संमत आहे, याची नोंद त्यात आहे. एका सोप्या गणिताने या चालीचा परिणाम दिसेल. भारतात हे लक्षण सामान्यतः दहा हजारांत एका व्यक्तीत असते असे धरले, तर जनुकाचे प्रमाण शंभरात एक येते आणि सुमारे पन्नास माणसांमागे एक जण ते मूकपणे वाहत असतो. आईबाप परस्परांचे आतेमामे भावंड असतील, तर त्यांच्या अपत्यात लक्षण प्रकट होण्याचा संभव दहा हजारांत एकावरून सुमारे सातावर जातो. संभव सात पटींनी वाढला, तरी हजार अपत्यांत ते एकाही अपत्यास पुरते येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. या गणितात सर्व समाज एकजीव मानलेला आहे. वस्तुतः जातिपोटजातींच्या भिंतींमुळे एखाद्या गटात प्रमाण बरेच अधिक, तर दुसऱ्यात शून्य असू शकते. म्हणून देशाच्या सरासरीवरून एखाद्या गावाविषयी विधान करणे धाडसाचे होय.

तात्पर्य, ‘दुर्मिळ’ हा दुसरा शब्दही सापेक्ष आहे. युरोपात हे लक्षण दहा लाखांत एखाद्या व्यक्तीत असते. त्या मापाने भारतात ते शंभर पटींनी अधिक आहे. मुंबईच्या प्रयोगशाळेस ते प्रथम सापडले, यात निरीक्षकांची दक्षता तर होतीच. पण ते सापडण्याजोगे येथेच होते, हेही खरे.

६. म्हैस आणि मनुष्य

तुलनेचा खरा लाभ पुढील उदाहरणात आहे. कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची चाल प्रसिद्ध आहे. त्या कट्ट्यावर उभी असलेली म्हैस आणि तिच्यापुढे पेला घेऊन उभा असलेला मनुष्य यांच्या पेशींत शर्करेचा एक महत्त्वाचा भेद आहे. गाई-म्हशी, डुकरे, कुत्री, उंदीर, इतकेच काय पण दक्षिण अमेरिकेतील माकडे, या सर्वांच्या पेशींवर गॅलॅक्टोजला गॅलॅक्टोज जोडून बनलेली ‘अल्फा-गॅल’ ही खूण असते. आफ्रिका-आशियातील माकडे, कपी आणि मनुष्य यांच्या समान पूर्वजात ती तयार करणारे जनुक निकामी झाले. परिणामी या वंशाच्या रक्तात त्या शर्करेविरुद्ध प्रतिद्रव्ये कायम वाहत असतात. त्यांच्या निर्मितीस आतड्यातील जंतूंवरील तशाच शर्करा चिथावणी देतात. युरी गॅलिली यांनी १९८० नंतरच्या दशकात हे उघड केले.

ही रचना ‘बॉम्बे’ लक्षणाशी किती जुळते हे पाहण्यासारखे आहे. इतरांत असलेली शर्करा आपल्यात नाही. ती जोडणारे जनुक मोडलेले आहे. ती नसल्यामुळेच तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्य आहे. आणि त्या प्रतिद्रव्यामुळे इतरांची ऊती आपल्या देहास चालत नाही. म्हशीच्या दृष्टीने पाहिल्यास अवघी मनुष्यजात ‘बॉम्बे’ गटाची आहे. तरीही मनुष्यजातीस कोणी ‘अल्फा-गॅलच्या अभावाने ग्रस्त’ म्हणत नाही. मोडलेले जनुक सर्वांच्या वाट्यास आले म्हणजे ते जातीचे वैशिष्ट्य ठरते, आणि थोड्यांच्या वाट्यास आले म्हणजे ते त्यांचे वैगुण्य ठरते. हा भेद जनुकांत नाही. तो मोजणाऱ्याच्या बहुमतात आहे.

व्यवहारातही हे साम्य खरे ठरले आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डुकराचे हृदय एका मनुष्यास बसविण्यात आले. त्या डुकराच्या दहा जनुकीय फेरफारांत अल्फा-गॅलसह तीन शर्करा तयार करणारी जनुके बंद करण्याचा समावेश होता. तो रुग्ण सुमारे दोन महिने जगला. म्हणजे दात्याच्या ऊतीस मनुष्याच्या जवळ आणण्यासाठी तिच्यातील जनुके मोडावी लागली. एका जातीतील ‘अभाव’ दुसऱ्या जातीत परिश्रमपूर्वक निर्माण करण्याची ही वेळ, त्या शब्दाचा फेरविचार करण्यास पुरेशी आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून १९५२ च्या टिपणाचे मूल्य कमी होत नाही, उलट वाढते. तीन व्यक्तींवरील निरीक्षण, काटेकोर परीक्षा, निष्कर्षात मितभाषित्व आणि ‘नवे’ या शब्दाभोवतीची ती दोन चिन्हे, या गुणांमुळे त्या टिपणातील एकही विधान तुलनात्मक पुराव्यापुढे मागे घ्यावे लागलेले नाही. मर्यादा असेल तर ती एवढीच की, प्रश्न मनुष्यजातीच्या कुंपणात मांडला गेला. त्या काळी जनुकांचे वाचन शक्य नव्हते. तेव्हा ती मर्यादा काळाची होती. नंतरच्या वाचकांस मात्र ही सबब पुढे करता येणार नाही.

‘अभाव’ हा शब्द सर्वत्र त्याज्य आहे, असाही याचा अर्थ नव्हे. रक्तपेढीच्या टेबलावर तोच शब्द अचूक आणि जीवरक्षक आहे. ‘बॉम्बे’ व्यक्तीची केवळ पेशींची परीक्षा झाली तर तिची नोंद ‘ओ’ अशी होईल, आणि ‘ओ’ रक्त दिले गेल्यास तिच्या जिवावर बेतेल. रक्तरसाची उलट परीक्षा करताना ‘ओ’ गटाच्या पेशीही वापरणे आणि शंका येताच ‘एच’विरोधी द्रव्याने पडताळणी करणे, या दोन पायऱ्या गाळणे अक्षम्य होय. मुंबईत १९५७ साली रक्तगटांचे संदर्भ केंद्र स्थापन झाले आणि टिपणाच्या लेखकांपैकी भाटिया यांनी पुढे त्याची धुरा वाहिली. निरीक्षणाचे रूपांतर सेवेत झाल्याचे ते उदाहरण प्रत्येक जिल्ह्याने गिरविण्यासारखे आहे.

परंतु रक्तपेढीच्या टेबलावरचा शब्द घराच्या उंबरठ्याआड गेला की त्याचा अर्थ पालटतो. मुलीचा रक्तगट विचारणाऱ्या सोयरिकीच्या बैठकीत ‘अभाव’ म्हणजे ‘दोष’ होतो, आणि निरोगी व्यक्तीच्या माथी वैगुण्याचा शिक्का बसतो. मराठीत वैद्यकविषयक लेखन करणाऱ्यांनी येथे तारतम्य राखले पाहिजे. रक्त देण्याघेण्याच्या संदर्भात ‘एच नसलेला गट’ असे म्हणावे. आरोग्याच्या संदर्भात उणीव सुचविणारा कोणताही शब्द वापरू नये. आणि शाळा-महाविद्यालयांतून हा गट शिकविताना शेजारच्या फळ्यावर माकड, डूक, ससा आणि म्हैस यांच्या शर्कराही मांडाव्यात. विद्यार्थ्यास मग आपोआप उमगेल की, प्रत्येक सस्तन प्राणी कोणत्या ना कोणत्या मोडलेल्या जनुकानिशी सुखाने नांदत आहे.